सकाळी नऊची रात्र

लोकांच्या डोक्याला तारा चिकटवण्याचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. माणूस झोपला की त्याचा मेंदू, श्वास, डोळे, पाय काय काय करतात ते या तारांमधून मशिनवर उमटतं. ते वाचून कुणाला झोपेत काय होतंय हे आम्ही डॉक्टरांना सांगतो. चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून एक दवाखाना आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. तिथे येणारी डोकी कशी असतात ते विचारू नका. तेलाने चिप्प झालेली, हेल्मेटखाली आठ तास आंबलेली, डायने रंगलेली. कुणाच्या गालात गुटखा तसाच. मोजे काढायला सांगितले की खोलीतला एसी हात टेकतो. पुतण्या विचारतात, "आत्या, तुला किळस येत नाही का गं?" नाही येत. माणसाच्या अंगाची किळस करून हे काम होत नाही. मला किळस आली ती एका वहीची, आणि ती वही माझ्याच हातची आहे.

मी शिकले ते एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली. झोपेची तपासणी शिकवणारी शाळा तेव्हा आसपास कुठे नव्हती. मी ईसीजी काढणारी मुलगी होते. डॉक्टरांनी एक दिवस माझ्या हातात शिंप्याचा टेप आणि लाल पेन्सिल दिली, आणि स्वतःचं टक्कल पुढे केलं. "यावर शीक. चुकलीस तर लगेच दिसेल," म्हणाले. नाकाच्या वरच्या खळगीपासून मागच्या उंचवट्यापर्यंत मापायचं, खुणा करायच्या, खुणेवर तार. केसभर सरकली तरी चालत नाही. मग पानं वाचायची. तीस सेकंदांचं एक पान, एका झोपेची आठशेच्या वर पानं, आणि प्रत्येक पानावर ठरवायचं की माणूस आत्ता जागा आहे, पेंगतोय, गाढ आहे की स्वप्नात आहे. डॉक्टर माझं प्रत्येक पान तपासायचे आणि चुकलं की पूर्ण झोप पहिल्यापासून वाचायला लावायचे. असं दोन वर्षं चाललं. आता ते हयात नाहीत.

आम्हाला लायसन लागत नव्हतं. टेम्पो चालवायला लागतं, दारूच्या दुकानाला लागतं, पण दुसऱ्याच्या झोपेत शिरायला लागत नव्हतं. हे बरोबर नव्हतंच. तार कुठे लावायची हे ठाऊक नसताना मशिन विकत घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी विचारलं असतं तर लायसन पाहिजेच म्हणून मी पहिला हात वर केला असता. म्हणून नवा नियम आला तेव्हा मी खूश झाले. इतकी खूश की घरी पेढे आणले. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

नियम असा होता: एक तर मान्यताप्राप्त पदविका हवी, किंवा जुन्या माणसांनी अनुभव दाखवायचा. अनुभव म्हणजे ठरावीक संख्येच्या पूर्ण रात्रीच्या तपासण्या, तारीख-वेळेसह वहीत नोंदलेल्या. मग पडताळणी समितीपुढे तोंडी परीक्षा. पास झालात की नोंदणी क्रमांक. यापुढे तपासणी करणाऱ्याचा क्रमांक नसेल तर डॉक्टरांची सही असली तरी अहवाल ग्राह्य नाही.

नियम येऊन महिना झाला नसेल, तोवर पदविकेची दुकानं उघडली. निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत एकेका जिन्यावर पाट्या लागल्या. खाली मोबाईल दुरुस्ती, वर झोपेचं शास्त्र. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. मला त्याचं फारसं वाटलं नाही. माझ्याकडे वही होती.

त्या वहीतल्या नोंदी कशा होत्या हे सांगण्याआधी आमच्या घरचं सांगायला हवं. आमची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली आणि वडील कारखान्यात लागले. कायम तिसरी शिफ्ट, रात्री अकरा ते सकाळी सात. ते येऊन भाकरी खाऊन आडवे झाले की आई दाराच्या कडीला फडकं गुंडाळायची. मिक्सर बंद, कुकर बंद, रेडिओ बंद. शेजारीण हाका मारत आली की आई दारातूनच हात करायची, "हळू बोल बये, त्यांची रात्र चाललीय." बाहेर सकाळचे दहा वाजलेले असायचे, वाळवणावर ऊन पडलेलं असायचं. आम्हा भावंडांना घड्याळ कळायच्या आधी हे कळलं होतं की घरात दोन-दोन रात्री असतात, एक सगळ्यांची आणि एक वडिलांची. या पट्ट्यात गल्लोगल्ली अशी घरं आहेत. कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

त्यामुळे कामाला लागल्यावर सहा महिन्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या शिफ्टच्या माणसाला रात्री दहाला बोलावून गादीवर निजवलं, तर तो टक्क जागा राहतो. त्याचं अंग कामावर असतं. पहाटेपर्यंत छताकडे बघतो, आणि आमच्या हाती कोरी पानं. मी डॉक्टरांना म्हटलं, याची रात्र सकाळी सुरू होते, याला सकाळी निजवू या. ते म्हणाले, "हे मला का सुचलं नाही?" आम्ही खिडकीला काळा कागद लावला, त्यावर घरची जुनी गोधडी ठोकली. कंपनीची बस सातला सुटते, माणूस आठला आमच्याकडे, नऊच्या सुमारास दिवा बंद. दवाखान्यात तपासणीला 'नाईट' म्हणायची पद्धत आहे. "आज दोन नाईट आहेत" म्हणजे दोन जण झोपायला येणार. सकाळच्या तपासणीलाही आपसूक तोच शब्द लागला. माझ्या वहीत ओळीने तसंच आहे: नाईट, स. ९.१०. नाईट, स. ८.४५. निम्म्याहून जास्त ओळी अशा. दवाखान्यात त्याचं कुणालाही हसू आलं नाही.

माझी तोंडी परीक्षा व्हायची होती, त्याच सुमारास तो क्रेनवाला आला. चाकणजवळच्याच एका गावचा, पंचेचाळिशीचा, मान आखूड आणि जाड, डोळ्यांखाली काळं. एका मोठ्या कारखान्यात छताखालून सरकणारी क्रेन चालवायचा, कायम तिसऱ्या शिफ्टला. खाली माणसं काम करतात आणि त्यांच्या डोक्यावरून हा कित्येक टनांचे साचे इकडून तिकडे नेतो. दोनदा त्याला केबिनमध्ये डुलकी लागली होती. दुसऱ्या वेळी साचा हवेत लटकत राहिला आणि खालच्यांनी शिट्ट्या मारून त्याला जागं केलं. कंपनीने सांगितलं, आजार असेल तर एका महिन्यात नोंदणीकृत माणसाचा अहवाल आणा, आम्ही उपचाराला वेळ देऊ, दुसरं काम देऊ. अहवाल नसेल तर कामचुकारपणा धरू आणि काढून टाकू. त्याच्या हातात एक अहवाल होताही. दुसऱ्या एका केंद्रातला, नोंदणी क्रमांक आणि गोल शिक्क्यासकट.

"ताई, तितं मला झोपच आली न्हाई," तो म्हणाला. "राती धाला निजवलं. मी आपला पंख्याकडं बघत पडलो. सकाळी म्हनले, नॉर्मल हाय."

"झोपलाच नाहीत तर नॉर्मल कसं म्हणाले?"

"श्वास थांबला न्हाई म्हनं कुटं."

मी कागद वाचला. झोपेचा एकूण काळ एकोणचाळीस मिनिटं. निष्कर्ष: श्वसनात अडथळा आढळला नाही. जो जेवलाच नाही त्याला पंगतीत कुणी जेवण बाधलं नाही म्हणून सांगावं, तसा हा प्रकार. ज्याने ही सही ठोकली त्याला समोर बसवून एकोणचाळीस मिनिटांची पानं मोठ्याने वाचायला लावावीत असं वाटलं.

त्याच्यासोबत त्याची बायकोही आली होती. हडकुळी, पदर घट्ट ओढून बसलेली. ती एकदम म्हणाली, "ताई, ह्ये दिसा निजत्यात तवा मी जवळ बसती. घोरता घोरता एकदम गप हुत्यात. मग मी हालवती. मग परत घोरत्यात." किती दिवस असं करताय विचारलं, तर म्हणाली, "धाकटी झाली तवापास्नं. सतरा वर्सं झाली की." पॅकिंगच्या कंपनीत तिला काम लागलं होतं, ते तिने सोडलं होतं. दिवसा नवऱ्याचा श्वास राखत बसायला कुणी तरी हवं म्हणून.

मी त्याला मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर बोलावलं. स. ९.१० ला दिवा बंद केला. चार मिनिटांत तो झोपला आणि अकराव्या मिनिटाला पहिल्यांदा त्याचा श्वास थांबला. मी या कामात बरंच पाहिलं आहे, पण त्या दिवशी खुर्चीत सरळ बसले. तासाला पन्नासच्या वर वेळा. एकदा तर एक मिनिट चार सेकंद. पोट आणि छाती श्वासासाठी झटतायत आणि नाकाशी हवेचा पत्ता नाही. बाहेरच्या बाकावर ती बाई बसली होती. तिने सतरा वर्षं हाताने मोजलेलं सगळं माझ्या पानांवर उमटत होतं.

अहवाल मी त्याच दिवशी लिहिला, दवाखान्याच्या आताच्या डॉक्टरांनी सही केली, कंपनीला गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शाईत, 'तपासणी करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही, अग्राह्य.' आतलं पानही कुणी उलटलं नव्हतं, पिन जशीच्या तशी होती. मी क्रेनवाल्याला म्हटलं, काळजी करू नका, शनिवारी माझी परीक्षा आहे, तिथल्या तिथे तात्पुरता क्रमांक देतात, सोमवारी तुमचा कागद पक्का. "तुमी म्हनताय म्हंजी झालंच," तो म्हणाला. त्याच्या महिन्यातले बारा दिवस उरले होते.

समिती एका कॉलेजच्या वर्गात बसली होती. व्हरांड्यात पंधरा-वीस जण रांगेत. माझ्या पुढचा तरुण गडी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पदविकेची फाईल छातीशी धरून उभा होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, डोक्याचं माप पुढनं मागं घ्यायचं की कानाकडनं?" मी म्हटलं, दोन्ही. "बापरे," म्हणाला. तो आत गेला आणि पाच मिनिटांत क्रमांक घेऊन हसत बाहेर आला. त्याच्या पदविकेला वही लागत नव्हती.

आत तीन माणसं होती. बोलत होते ते एकटे टायवाले गृहस्थ. त्यांनी माझी वही उघडली, दोन पानं उलटली आणि चष्मा कपाळावर सारला.

"बाई, हे काय आहे? नाईट, आणि सकाळी नऊ?"

"तिसऱ्या शिफ्टचे कामगार आहेत, सर. त्यांची झोप सकाळी असते, म्हणून तपासणी..."

"मी विचारतो तेवढं सांगा. रात्र म्हणजे काय?"

मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, "ज्याची जेव्हा झोप, तेव्हा त्याची रात्र."

तिघंही हसले. टायवाल्यांनी समोरची छापील पुस्तिका बोटाने ठोकली. तपासणी रात्री दहाला सुरू करावी असं तिथे लिहिलं होतं. कुठल्या तरी दहा ते सहाच्या ऑफिसात बसून कुणी तरी लिहिलेलं ते वाक्य, आणि माझी एकोणीस वर्षं त्याच्यापुढे उभी. मी मशिनची पानं दाखवते म्हटलं, ती पाहायला वेळ नव्हता. सूर्य मावळल्यानंतरच्या ओळी तेवढ्या मोजल्या, त्या कमी भरल्या. बाकीच्यांवर शेरा मारला: नोंदी संशयास्पद. पुढच्या शनिवारी सुधारित वही घेऊन या, असंही सांगितलं. सुधारित म्हणजे काय हे मी विचारलं नाही. मला तिथून बाहेर पडायचं होतं.

बाहेर रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईंना माझी दया आली असावी. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, कशाला जिवाला लावून घेता? स.चं रा. करा की. एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

आणि खरंच एका अक्षराचासुद्धा प्रश्न नव्हता. घरी येऊन वही उघडली तेव्हा दिसलं. 'स' काढताना आपण आधी 'र' काढतो, मग उभी रेघ, आणि दोघांना जोडणारी एक छोटी आडवी रेघ. ती आडवी रेघ ब्लेडने खरवडली की उरतो 'रा'. सकाळची रात्र होते. पुन्हा वही लिहून काढायचीही गरज नाही.

मी चार दुपारी ते केलं. स्वयंपाकघरात खिडकीशी बसून, अर्धं ब्लेड बोटांत धरून, एकेक रेघ. कागदाचा बारीक भुगा पडायचा, तो मी फुंकर मारून उडवायचे. क्रेनवाल्यासाठी करतेय असं स्वतःला सांगत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला तो क्रमांक हवा होता. व्हरांड्यातल्या त्या इस्त्रीवाल्याला मिळतो आणि मला मिळत नाही हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तिसऱ्या दुपारी मला त्या वहीची किळस आली. उठून तोंड धुतलं आणि पुन्हा येऊन बसले.

शनिवारी टायवाले गृहस्थ तेच होते. वही तीच, पानं तीच, त्यांचाच 'संशयास्पद' हा शेरा पेन्सिलीत तसाच, आणि त्याच्या वर शेकडो ठिकाणी खरवडलेला कागद. उजेडात धरला असता तर चाळणी दिसली असती. ते म्हणाले, "हं, आता कसं व्यवस्थित झालं." पेन्सिलीचा शेरा त्यांनी स्वतः खोडरबराने पुसला. तपासणी कधी सुरू करावी? रात्री दहा, सर. छान. मला क्रमांक मिळाला. खरी वही संशयास्पद होती आणि खोटी व्यवस्थित. घरी येताना मी रिक्षात बसून ते प्रमाणपत्र पिशवीत भाजीच्या खाली कोंबलं, वर ठेवायला नको वाटत होतं.

आता उरला क्रेनवाल्याचा अहवाल. मशिनच्या प्रत्येक पानावर खरी वेळ आपोआप छापली जाते, पण ती पानं कुणी उलटत नाही. पहिलं पान मात्र हाताने भरावं लागतं. तिथे वेळेचा रकाना आहे. माझ्या नव्या क्रमांकासह पहिलाच कागद बाहेर जाणार, आणि त्यावर सकाळ लिहिली तर उद्या कुणी वही मागवील ही भीती. वहीत त्या मंगळवारचीही रेघ मी खरवडलीच होती. मी लिहिलं, रा. ९.१०. लिहिताना हात थांबला नाही. चार दुपारींत हाताला सवय झाली होती.

सहा दिवसांनी त्याची बायको एकटी आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. कंपनीची नोटीस. अहवालानुसार तुम्ही मंगळवारी रात्री नऊपासून दवाखान्यात झोपला होतात. आमच्या पंचिंगनुसार त्याच रात्री अकराला आठ मिनिटं कमी असताना तुम्ही कामावर हजर झालात आणि सकाळी सातला बाहेर पडलात. म्हणजे एक तर अहवाल बनावट आहे, किंवा तुमचं कार्ड दुसऱ्याने मारलं. तुम्हाला कामावरून का काढू नये याचा खुलासा तीन दिवसांत करा.

"ताई, ह्ये त्या राती कामावर व्हते," ती म्हणाली. "तुमी सकाळी निजवलं त्यास्नी. मी भायेर बसली व्हती न्हवं? मग रातीचं कशापायी लिवलं?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आपल्यासारख्या अडाण्याला न कळणारं काही तरी कारण असेल, ते ताई सांगतील, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती. मी तिला चहा दिला. दुसरं काही देता येईना. त्या नजरेपेक्षा तिने माझ्या तोंडावर थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. गेटवर फोटो काढला, गळ्यात पट्टा अडकवला, काचेच्या खोलीत बसवलं. कामगारांचं बघणारी अधिकारी तिशीची मुलगी होती, बोलायला चांगली.

"मॅडम, आमच्याकडे डेटा एकदम क्लिअर आहे," ती म्हणाली. "पंचिंग आहे, कॅमेरा आहे. तो नाईटला इथेच होता."

"होता. मी त्याची तपासणी सकाळी केली." मी मशिनची पानं टेबलावर पसरली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? प्रत्येक पानाच्या डोक्यावर वेळ छापलेली. तिने तीन-चार पानं पाहिली.

"मग फर्स्ट पेजवर रात्र का लिहिली?"

"मला नोंदणी मिळावी म्हणून वहीत सकाळच्या रात्री केल्या होत्या. हा कागद तिच्याशी जुळला पाहिजे म्हणून इथेही केली."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

तिला हे अपेक्षित नसावं. तिने पेनाचं टोपण मिटलं. मग म्हणाली, "लिहून द्याल? याची कॉपी तुमच्या नोंदणीच्या कौन्सिलला जाईल, सांगून ठेवते." मी कागद मागितला आणि लिहिलं. कुणाचा दोष, कुणाचा नाही, वेळ काय होती, सगळं. वाचून ती म्हणाली, "मॅडम, आधीच खरं लिहिलं असतंत तर हे सगळं झालंच नसतं ना?"

मी पर्समधून पहिला अहवाल काढला. स. ९.१०, आणि वर त्यांच्याच ऑफिसची लाल शाई. "आधी खरंच लिहिलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही परत पाठवलंत."

तिने तो कागद उलटसुलट करून पाहिला. लाल शाईतलं अक्षर तिचंच असावं, कारण त्यानंतर ती माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघून बोलली.

नोटीस मागे घेतली. क्रेन मात्र गेली, आणि ते बरोबरच झालं. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. त्याने हू का चू केलं नाही, पण वीस वर्षं उंचावर बसलेला माणूस खाली खोकी मोजायला बसतो तेव्हा त्याला काय वाटतं हे त्याच्या चालण्यातून कळत होतं. अट अशी घातली की उपचाराने श्वास सुधारला, असा नोंदणीकृत माणसाच्या सहीचा अहवाल आणायचा, तर नोकरी कायम.

माझा क्रमांक पंधरा दिवसांत रद्द झाला, पुन्हा अर्ज करायचा नाही या शेऱ्यासह. ज्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने शेरा पुसला होता, त्यांचीच सही त्या पत्रावर होती. वहीत फेरफार करून समितीची दिशाभूल केल्याबद्दल, असं लिहिलं होतं. मी गुन्हा केला होता, शिक्षा झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिशाभूल हा शब्द वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

दवाखान्याने मला ठेवलं, मदतनीस म्हणून. सहीसाठी क्रमांकवाला माणूस नेमला, आठवड्यातून दोनदा येणारा. पहिल्या दिवशी तो जिना चढून वर आला आणि मला बघून ओशाळला. व्हरांड्यातला इस्त्रीचा शर्ट. स्वभावाने वाईट नाही. मला मॅडम म्हणतो, तारा लावताना लांब उभा राहतो, आणि जाताना कोऱ्या पहिल्या पानांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवतो, म्हणजे माझा खोळंबा नको. त्या गठ्ठ्याला हात लावायच्या आधी मी प्रत्येक वेळी हातमोजे घालते. घामट डोक्यांना कधी घातले नव्हते. तो समजतो मी स्वच्छतेची फार भोक्ती आहे.

क्रेनवाल्याची दुसरी तपासणी त्याच गठ्ठ्यातल्या पानावर झाली. नव्या कामावरही त्याची तिसरीच शिफ्ट होती, म्हणून पुन्हा सकाळीच बोलावलं. वेळ मी माझ्या हाताने लिहिली, सकाळची. या वेळी त्याच्या नाकावर मास्क होता, हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशिनचा. दिवा बंद केला. सुरुवातीला तो चुळबुळला, मग झोपला. मी दाब हळूहळू वाढवत नेला आणि एका ठिकाणी सगळं निवळलं. छाती, पोट आणि नाक एका लयीत चालू लागली. घोरणं थांबलं. पान, पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, काही नाही, नुसता श्वास. एकोणीस वर्षांत हे पाहून माझं मन कधी भरलं नाही.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. जोरात, दोन्ही हातांनी. मी धावत जाऊन दार उघडलं. त्याची बायको समोर उभी, पदर घसरलेला, चेहरा पांढराफटक.

"ताई, आवाज बंद झाला त्यांचा. किती येळ झाला. हालवा त्यास्नी."

"हलवायचं नाही. श्वास चालू आहे. चांगला चालू आहे," मी कुजबुजले.

ती अंधारात आत बघत होती. तिला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. मग तिने माझ्याकडे मान वळवली.

"खरं सांगताय न्हवं?"

एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिचा हात धरून तिला आत नेलं आणि तो त्याच्या छातीवर ठेवला.